१२०० मिलिलिटर रक्त गेले. मग सलाईन किती द्यायचे?

तालुक्याच्या ठिकाणी स्वतंत्रपणे भूल देणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडते. ५५ किलो वजनाच्या, ४४ वर्षांच्या एका बाईंचे मोठ्या गाठींमुळे गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन होते आणि आधीचे हिमोग्लोबिन १०.५ होते. स्पायनलखाली (पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करणारी भूल) काम सुरू झाले, पण धमन्या बांधून होण्यापूर्वीच रक्तस्राव वाढला, पुढे पूर्ण भूल द्यावी लागली आणि दीड-दोन तासांत सुमारे १२०० मिलिलिटर रक्त गेले. शिकताना कानावर पडलेल्या ‘एक मिलिलिटर रक्तामागे तीन मिलिलिटर सलाईन’ या नियमाला धरून त्यांनी दीड लिटर रिंगर लॅक्टेट (शिरेतून द्यायचे क्षारांचे द्रव) आणि दोन लिटर नॉर्मल सलाईन दिले. रक्तदाब कसाबसा टिकला, पण जिल्ह्याच्या गावाहून रक्ताची पहिली पिशवी आली तेव्हा पोट शिवणे चालू होते. पिशवी लावण्यापूर्वीच्या नमुन्यात हिमोग्लोबिन ६.२ आले, रात्री चेहरा सुजला, ऑक्सिजन लावावा लागला आणि टाक्यांतून रक्त झिरपत राहिले. बाई पुढे बऱ्या झाल्या. नियम पाळूनही असे का झाले, खरे प्रमाण कोणते आणि रात्री लॅसिक्स (लघवी वाढवून पाणी काढणारे औषध) द्यायला हवे होते का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

माझ्या मते यातला दुसरा प्रश्न चुकीच्या जागी उभा आहे आणि पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. रक्त जाते तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी जातात: रक्तवाहिन्या भरलेल्या ठेवणारे आकारमान, ऑक्सिजन वाहणाऱ्या तांबड्या पेशी आणि रक्त गोठवणारे घटक. सलाईन यांपैकी फक्त पहिली गोष्ट परत देते, तीही काही काळापुरती, आणि ती देताना उरलेल्या दोन गोष्टी आणखी पातळ करते. म्हणून सलाईनकडे मी रक्ताची भरपाई म्हणून पाहत नाही. सलाईन आपल्याला सवड देते, आणि मिळालेल्या सवडीत रक्त मागवले आहे की नाही यावर पुढचे सगळे ठरते. तुमच्या रुग्णाच्या बाबतीत सवड मिळाली होती. ती फोन करण्याऐवजी पुढची बाटली लावण्यात गेली.

पुढे जे लिहिते आहे ते प्रौढ, हृदय आणि मूत्रपिंड ठीक असलेल्या रुग्णाला धरून आहे. झडप आकुंचलेली असेल, हृदयाची पंपिंगशक्ती कमी असेल, डायलिसिस चालू असेल, गरोदरपणातला रक्तस्राव असेल किंवा लहान मूल असेल तर आकडे बदलतात, काही ठिकाणी विचारही बदलतो. आणि टेबलापाशी उभ्या असलेल्या डॉक्टराला जे दिसते ते मला इथे बसून दिसणार नाही, हे गृहीत धरूनच वाचावे.

आता हिशेब करू. प्रौढ स्त्रीच्या शरीरात किलोमागे साधारण ६५ मिलिलिटर रक्त असते, पुरुषात ७०. म्हणजे या बाईंचे एकूण रक्त ५५ गुणिले ६५, सुमारे ३५७५ मिलिलिटर. हिमोग्लोबिन १०.५ वरून ७ वर येईपर्यंत किती रक्त जाऊ द्यायचे, याचे ढोबळ सूत्र आपण सगळेच शिकतो: एकूण रक्ताला हिमोग्लोबिनमधल्या फरकाने गुणायचे आणि सुरुवातीच्या हिमोग्लोबिनने भागायचे. उत्तर येते सुमारे ११९० मिलिलिटर. ८ वर थांबायचे ठरवले तर ८५०. म्हणजे या बाई १२०० मिलिलिटरला कड्याच्या टोकावर उभ्या होत्या, आणि हे भूल देण्यापूर्वीच कागदावर दिसत होते. साडेतीन लिटरने रक्त गरजेपेक्षा अधिक पातळ झाले, म्हणून आकडा ७ वर न थांबता ६.२ वर गेला.

पण सूत्राचा खरा उपयोग पुढच्या पायरीत आहे आणि ती पायरी पुस्तकात सहसा नसते. गाडी जाऊन, क्रॉसमॅच (पिशवीतले रक्त रुग्णाला चालेल का याची तपासणी) होऊन पिशवी हातात पडायला तुमच्याकडे दीड तास लागतो असे धरू. मिनिटाला १० मिलिलिटर या वेगाने रक्तस्राव चालू असेल तर तेवढ्या वेळात आणखी ९०० मिलिलिटर जाणार. ११९० मधून ९०० वजा केले की २९० उरतात. याचा अर्थ, मॉप (रक्त टिपायची कापडे) आणि सक्शन (रक्त ओढून घेणारी बाटली) मिळून ३०० मिलिलिटर दिसताच, रक्तदाब उत्तम असताना, रुग्ण ठणठणीत दिसत असताना, फोन व्हायला हवा होता. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात रक्तपेढी दोन मजले खाली असते, तिथला भूलतज्ज्ञ ८०० मिलिलिटरपर्यंत शांतपणे वाट पाहू शकतो. रक्त कधी मागवायचे हा आकडा रुग्णाच्या शरीराइतकाच रस्त्याच्या अंतरावर अवलंबून असतो. १९९९ साली अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांवर झालेल्या कॅनडातील अभ्यासानंतर ७ हा आकडा आपल्या तोंडी बसला आणि तो योग्यही आहे. पण ते रुग्ण रक्तस्राव आटोक्यात आलेले, स्थिर रुग्ण होते. वाहत्या जखमेसमोर ७ ची वाट पाहत बसणे हा त्या अभ्यासाचा अर्थ नव्हे.

‘एकास तीन’ आले कुठून, हेही सांगायला हवे, कारण हा नियम अगदीच निराधार नाही. मिठाचे द्रव पेशींच्या आत शिरत नाहीत, पण पेशींबाहेरच्या सगळ्या जागेत पसरतात आणि त्यातला जेमतेम पाव भाग रक्तवाहिन्यांत राहतो, असे गणित होते. त्यात १९६१ साली शायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ‘तिसऱ्या जागे’ची कल्पना मिळाली आणि मोठ्या ऑपरेशनात तासाला किलोमागे ८-१० मिलिलिटर जास्तीचे द्यायची पद्धत पडली. ती तिसरी जागा पुढे कुणाला धडपणे सापडली नाही. शिवाय पाव भागाचे गणित निरोगी, जागृत माणसाला लागू आहे. भूल दिलेल्या, रक्त गेलेल्या, रक्तदाब उतरलेल्या रुग्णात तेच द्रव रक्तवाहिन्यांत कितीतरी जास्त वेळ टिकते. २००४ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये जवळजवळ ७००० रुग्णांत अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचे द्रव) आणि सलाईन यांची तुलना झाली, तेव्हा सारखाच परिणाम साधायला अल्ब्युमिनच्या सुमारे १.४ पट सलाईन लागले, तिप्पट नव्हे. मी स्वतः मनात दीडपट धरते आणि तोही निव्वळ अंदाज म्हणून. मग ऑपरेशन संपते, भूल उतरते, रक्तवाहिन्या आवळतात, आणि तोवर आत टिकलेले जास्तीचे द्रव फुफ्फुसात, आतड्याच्या भिंतीत आणि पापण्यांत जाऊन बसते. तुम्हाला रात्री दिसलेला चेहरा तोच होता.

यावरून ‘मग द्रव कमीच द्यावे’ असा निष्कर्ष काढला जातो, तोही सांभाळून घ्यावा. २०१८ साली पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांच्या ३००० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हात आखडता ठेवलेल्या गटात मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण ८.६ टक्के निघाले, मोकळेपणाने द्रव दिलेल्या गटात ५ टक्के. सुजवणे वाईट आणि सुकवणेही वाईट. म्हणून मी प्रमाण न ठरवता हप्ते ठरवते: २५० मिलिलिटर पाच-दहा मिनिटांत द्यायचे, मग नाडी, रक्तदाब आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पाहायचा. सुधारणा टिकली तर थांबायचे; सुधारून दहा मिनिटांत पुन्हा घसरली तर रक्तस्राव चालू आहे असे समजायचे; काहीच फरक पडला नाही तर कारण दुसरे आहे, आणि तिसरा हप्ता देऊन ते सापडणार नाही.

कोणते द्रव, हा वाद मी थोडक्यात आटोपते. रिंगर लॅक्टेट किंवा तत्सम संतुलित द्रव हे माझे नेहमीचे द्रव आहे. नॉर्मल सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. तुमच्या दोन लिटरमधून बाईंना १८ ग्रॅम मीठ गेले, तर जागतिक आरोग्य संघटना माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. त्यातल्या जास्तीच्या क्लोराइडमुळे रक्त आम्लधर्मी होते आणि मग रक्तवायू तपासणीत दिसणारी आम्लता रक्तस्रावामुळे आहे की आपल्या बाटल्यांमुळे, हे कळेनासे होते. सलाईन मी मेंदूच्या रुग्णासाठी आणि रक्ताच्या नळीसाठी राखून ठेवते, कारण रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असते आणि रक्ताच्या पिशवीबरोबर एकाच नळीतून ते देऊ नये असा संकेत आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोजचा इथे काही उपयोग नाही. त्याचे पाणी सगळ्या शरीरभर पसरते. स्टार्चची द्रवे आपल्याकडे अजून ‘ताकदीचे सलाईन’ म्हणून कपाटात दिसतात. मूत्रपिंडावरच्या दुष्परिणामांमुळे युरोपीय संघाने २०२२ मध्ये त्यांचा परवाना स्थगित केला. मी ती वापरत नाही.

आता ज्या गोष्टीवर सगळा हिशेब उभा आहे, त्या मोजमापाकडे येते. तुमचे १२०० मिलिलिटर खरेच १२०० होते का? मला शंका आहे. उमेदवारीच्या काळात एका रुग्णालयात मी सक्शनच्या बाटलीकडे पाहून ४०० असा आकडा सांगितला होता. सर्जन त्यावर निश्चिंत राहिले, मीही राहिले. ऑपरेशन संपल्यावर हिरवी चादर उचलली तेव्हा रुग्णाच्या पाठीखालची गादी भिजलेली होती, टेबलाखाली थारोळे होते आणि बादलीतले मॉप कुणी मोजलेच नव्हते. तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. मॉप तराजूवर जातात, कोरड्या मॉपचे वजन वजा होते आणि एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धरले जाते. तराजू नसेल तर पूर्ण भिजलेला मोठा मॉप १०० ते १५० मिलिलिटर धरते. पोट धुवायला किती पाणी वापरले हे सिस्टर फळ्यावर लिहितात, तेवढे सक्शनमधून वजा होते. आणि दर अर्ध्या तासाला मी वाकून टेबलाखाली पाहते. नवे सहकारी हसतात, पण एकदा दिसले की तेही वाकू लागतात.

हिमोग्लोबिनवर विसंबणाऱ्यांसाठी एक घरगुती उदाहरण देते. आमटीचे अर्धे पातेले सांडले तरी उरलेली आमटी तितकीच दाट असते. पाणी वाढवल्यावरच ती पातळ होते. वाहत्या रक्तस्रावात पहिल्या अर्ध्या तासात काढलेले ‘१०.२’ हे असेच उरलेल्या आमटीचे माप असते. रक्तदाबाचेही तेच. तरुण रुग्ण तीस टक्के रक्त जाईपर्यंत रक्तदाब टिकवून धरू शकतो. या बाईंच्या बाबतीत ते हजाराच्या वर जाते. उलट स्पायनलखाली एक थेंबही रक्त न जाता रक्तदाब उतरतो, कारण रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात आणि तिथे औषध योग्य असते, बाटली नव्हे. अडचण अशी की आपण रक्तदाब वाढवणारे मेफेन्टरमीन सहा-सहा मिलिग्रॅम देत राहतो, आकडा ११० दाखवत राहतो आणि खाली वाहणारे रक्त झाकले जाते. माझा नियम असा आहे की स्पायनल बसून अर्धा तास उलटल्यावर तिसऱ्यांदा मेफेन्टरमीन लागले तर मी सर्जनला काम थांबवून आत पाहायला सांगते. पूर्ण भुलेखाली, धमनीत नळी असेल, श्वास यंत्रावर आणि नाडी नियमित असेल, तर श्वासागणिक नाडीदाबात होणारा १३ टक्क्यांहून जास्त चढउतार द्रवाची गरज चांगली दाखवतो. लघवी मात्र ऑपरेशनच्या वेळी फसवते; शरीर ताणामुळे पाणी धरून ठेवते, आणि नुसती लघवी कमी म्हणून दिलेली लिटरभर सलाईन दुसऱ्या दिवशी सुजेत मोजावी लागते.

सुईबद्दल दोन वाक्ये. नळीतून वाहण्याचा वेग त्रिज्येच्या चौथ्या घातावर आणि नळीच्या लांबीवर अवलंबून असतो, म्हणून हाताच्या शिरेतली आखूड १६ नंबरची करडी सुई मानेतल्या लांब, तीन वाटांच्या नळीपेक्षा कितीतरी जलद द्रव देते. मोठ्या गर्भाशयासाठी पोट उघडण्यापूर्वी अशा दोन सुया लावलेल्या असाव्यात. रक्तदाब गेल्यावर शिरा सापडत नाहीत.

टाक्यांतून झिरपणाऱ्या रक्ताचा प्रश्न यापुढचा आहे. साडेतीन लिटर थंड, घटकविरहित द्रवाने गोठण्याची यंत्रणा पातळ आणि गार केली. खोलीच्या तापमानाचे लिटरभर सलाईन किंवा शीतकपाटातली रक्ताची एक पिशवी प्रौढाचे तापमान साधारण पाव अंशाने उतरवते, म्हणून साडेतीन लिटरचा हिशेब तुम्हीच करा. द्रव कोमट करून देणे आणि रुग्णाला झाकून ठेवणे हे उपचारच आहेत. ट्रॅनेक्झामिक ॲसिड (गुठळी विरघळू न देणारे औषध) एक ग्रॅम, दहा मिनिटांत, मी अशा ऑपरेशनात चीर देण्याआधी देते, रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा फिटचा इतिहास नसेल तर. २०२२ साली ९५३५ रुग्णांच्या अभ्यासात त्याने मोठा रक्तस्राव ११.७ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आणला, आणि तालुक्याच्या औषधाच्या दुकानातही ते मिळते. पेशींची एक पिशवी हिमोग्लोबिन सुमारे एक ग्रॅमने वाढवते. प्लाझ्मा (रक्त गोठवणारे घटक असलेला, थिजवून ठेवलेला द्रव भाग) किलोमागे १० ते १५ मिलिलिटर लागतो, म्हणजे या बाईंना तीन-चार पिशव्या. एक पिशवी ‘चवीपुरती’ लावण्यात अर्थ नाही, आणि तो वितळायला अर्धा तास जातो हे मागवतानाच मोजावे. रक्तस्राव आवरतच नसेल तर अपघाताच्या रुग्णांवरील २०१५ च्या अभ्यासावरून पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट सारख्या प्रमाणात देण्याची पद्धत रूढ झाली आहे. मात्र १२०० मिलिलिटरला आणि थांबलेल्या रक्तस्रावाला तिची गरज नसते. पिशवीतले रक्त गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून भराभर दिलेल्या तीन-चार पिशव्यांमागे दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलिटर, वेगळ्या नळीतून.

जाता जाता, ‘वेळ नाही, ओ निगेटिव्ह लावा’ असे म्हणताना आपल्या भागात एक गोष्ट विसरू नये. बॉम्बे रक्तगट १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतूनच जगापुढे आणला. साध्या तपासणीत तो ओ सारखा दिसतो आणि त्या माणसाला ओ गटाचे रक्तही चालत नाही. तो दुर्मीळ आहे, पण ठरवून केलेल्या ऑपरेशनात क्रॉसमॅच आदल्या दिवशी करून ठेवायला काहीच कारण आड येत नाही.

तुमच्या जागी मी असते तर काय केले असते? पहिली गोष्ट, तातडी नसेल तर १०.५ हिमोग्लोबिनवर तारीखच घेतली नसती. पाळीचा रक्तस्राव औषधांनी थोपवून शिरेतून लोह दिले असते आणि महिन्याभराने बारा-साडेबारावर ऑपरेशन केले असते. बारा धरून तेच सूत्र मांडा: ७ वर येईपर्यंत १४९० मिलिलिटर मिळतात, म्हणजे ३०० मिलिलिटरची जास्तीची सवड, एकही बाटली न लावता. दुसरी गोष्ट, दोन पिशव्या रुग्णालयातच आणून ठेवल्या असत्या, किंवा निदान रक्त साठवणूक केंद्र असलेल्या ठिकाणी ऑपरेशन ठरवले असते. तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. रक्त वाहू लागल्यावर सर्जनला ‘दाबून धरा आणि दहा मिनिटे थांबा’ असे मोठ्याने सांगितले असते. मॉप दाबून धरलेला हात जेवढे रक्त वाचवतो तेवढे कोणतेही द्रव भरून काढत नाही, आणि त्या दहा मिनिटांत आपण सुई लावतो, फोन करतो, द्रव कोमट करतो. वयाने मोठ्या सर्जनला हे सांगताना जीभ अडखळते, हे मला ठाऊक आहे. मी तर ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवते की अमुक आकडा आला की मी थांबायला सांगणार आहे, म्हणजे ऐन वेळी तो अपमान वाटत नाही.

राहिला लॅसिक्सचा प्रश्न. सुजलेल्या चेहऱ्यातले पाणी रक्तवाहिन्यांच्या बाहेर असते आणि लॅसिक्स पाणी काढते ते रक्तवाहिन्यांतून. त्या रात्री नाडी ११०-१२० असेल, हातपाय गार असतील आणि हिमोग्लोबिन ६.२ असेल, तर रक्तवाहिन्या अजून रिकाम्याच होत्या. तेव्हा लॅसिक्स दिले असते तर सूज तशीच राहून रक्तदाब उतरला असता. अशा वेळी डोके उंच करून बसवायचे, ऑक्सिजन द्यायचा, सलाईन बंद करायचे आणि पेशींची पिशवी सावकाश, तीन-साडेतीन तासांत द्यायची. नाडी खाली आली, हात कोमट झाले आणि तरीही फुफ्फुसाच्या तळाशी बुडबुड ऐकू येत असेल, तर दुसऱ्या पिशवीआधी १० ते २० मिलिग्रॅम लॅसिक्स देणे रास्त ठरते. तुम्ही त्या रात्री ते दिले नाहीत असे प्रश्नावरून दिसते, आणि तो निर्णय मला बरोबर वाटतो.